घास सोडताना उठणारी कळ

घरातील एक गृहिणी, वय पन्नाशीच्या आसपास. एका दुपारी जेवताना भातातला बारीक खडा तिच्या दाताखाली येतो. कट्ट असा आवाज होतो, डोळ्यांसमोर क्षणभर काजवे चमकतात आणि पुन्हा सारे पूर्ववत होते. दोन दिवसांनी भाकरीचा कडक पापुद्रा चावताना खालच्या उजव्या दाढेतून विजेसारखी कळ जाते. त्यानंतर आठवडाभर काहीच नाही. पुढे एकदा माठातले गार पाणी पिताना तीच दाढ झिणझिणते. पुन्हा शांतता. कोणाला काही न सांगता ती डाव्या बाजूने चावू लागते.

दोन महिन्यांनी ती दंतवैद्याकडे जाते. एक्स-रे काढला जातो. कीड दिसत नाही, मुळाशी सूजही दिसत नाही. ‘दाढ चांगली आहे,’ हे ऐकून ती घरी परतते. त्यानंतर कधी कळ आली, तरी ती बोलत नाही. कारण बोलले की घरचे म्हणतात, ‘एक्स-रे तर स्वच्छ आहे, मग दुखते कसे?’ काही काळाने तिलाही तो मनाचा खेळ वाटू लागतो. आणि एका सकाळी मऊ इडली खाताना ती दाढ उभी दुभंगते. तेव्हा ती काढून टाकण्यावाचून उपाय उरत नाही.

ही कोणा एकीचीच कथा नव्हे. थोड्याफार फरकाने ती अनेक घरांत घडत असते. यातील कळ खरी होती आणि एक्स-रेही खोटा नव्हता. दाढेत तडा होता. मात्र तो एक्स-रेमध्ये उमटेल अशा दिशेने गेलेला नव्हता. तो शोधण्याची वाट एका साध्या प्रश्नातून जात होती: कळ येते ती घास दाबताना, की सोडताना?

कळ सोडतानाच का?

दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे एनॅमल. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा. परंतु जे अतिशय कठीण असते ते ठिसूळही असते. त्याच्या आत डेंटिनचा थर असतो. तो किंचित लवचीक असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. या नलिकांत द्रव असतो. सर्वांत आत दाताचा जिवंत गाभा असतो. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू तेथे असतात.

तडकलेल्या लाकडी पाटावर बसले की चीर किंचित उघडते आणि उठताना ती मिटून कातडीला चिमटा बसतो. दाढेत नेमके तसेच घडते. घासाच्या दाबाने तड्याच्या दोन बाजू किंचित फाकतात. दाब सुटताच त्या झटक्यात जवळ येतात, नलिकांतील द्रव एकदम हलतो आणि आतील मज्जातंतूंना ती सणक जाणवते. म्हणून किडलेला दात ठणकतो आणि तडकलेला दात प्रायः सणकतो. काहींना घास दाबतानाही दुखते. पण सोडताना येणारी क्षणिक, तीव्र कळ ही तड्याची सर्वांत बोलकी खूण मानली जाते.

हाड मोडले तर जुळते, कारण हाडात नव्याने बांधणी करणाऱ्या जिवंत पेशी असतात. एनॅमल घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. त्यामुळे दाताचा तडा आपोआप सांधला जात नाही. तो आहे तेवढा राहतो किंवा वाढतो. वेळेला महत्त्व आहे ते याचसाठी.

दंतवैद्यकाला ही व्याधी नवी नाही. १९५४ साली गिब्ज यांनी दाढेच्या तडकलेल्या उंचवट्यामुळे होणाऱ्या वेदनेचे वर्णन केले. १९६४ साली कॅमेरॉन यांनी अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात या लक्षणसमूहाला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ असे नाव दिले. त्यालाही आता साठ वर्षे उलटली. तरीही हे निदान आजही अनुभवी वैद्याची परीक्षा पाहते. कारण तडा बारीक असतो, कळ अनियमित असते आणि पुष्कळदा नेमकी कोणती दाढ दुखते हे रुग्णाला बोट ठेवून सांगता येत नाही.

तडा का जातो?

सुपारी फोडताना अडकित्त्याच्या टोकाशी धरली तर फुटत नाही. खिळ्याजवळ सरकवली की सहज फुटते. जबडाही असाच एक अडकित्ता आहे आणि त्याचा सांधा कानापुढे असतो. त्या सांध्याच्या जवळच्या दाढांवर पुढच्या दातांपेक्षा कितीतरी अधिक दाब येतो. त्यातच वरच्या दाढेचा आतील उंचवटा खालच्या दाढेच्या खळगीत असा बसतो, जसे उखळात मुसळ. म्हणून तडे जाण्यात खालच्या दाढा आघाडीवर असतात. त्याखालोखाल वरच्या दाढा आणि उपदाढा.

कारणे बहुधा एकटी येत नाहीत. जेवणानंतर सुपारीचे खांड चघळणे, बर्फ फोडणे, चिक्की किंवा कडक फुटाणे एकाच बाजूने चावणे, दाताने सुपारी अथवा बदाम फोडणे, या सवयी वर्षानुवर्षे दाताला थकवत असतात. झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्याला तर स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. शेजारी झोपणाऱ्यालाच तो करकर आवाज ऐकू येतो. तरुणपणी कीड काढून चांदी भरलेली मोठी दाढ हे आणखी एक कारण. दाढेचा मधला भाग कोरला गेला की कडेच्या भिंती एकट्या पडतात. चांदी टिकते, भिंत तडकते. रूट कॅनाल करून घेतल्यावर ‘आता दुखत नाही’ म्हणून कॅप न बसवलेली दाढही याच धोक्यात असते. आणि शेवटचे निमित्त मात्र एखादा खडा, एखादी बी किंवा डाळिंबाचा दाणा ठरतो. लोक त्या दाण्याला दोष देतात. प्रत्यक्षात त्याआधीची वीस वर्षे त्या दाढेत जमा झालेली असतात.

सर्व तडे सारखे नसतात

आरशात पुढच्या दातांवर केसासारख्या बारीक उभ्या रेषा दिसल्या की काहीजण घाबरतात. प्रौढांच्या दातांत अशा रेषा सर्रास असतात. त्या एनॅमलपुरत्या असतात, दुखत नाहीत आणि बहुधा उपचारही मागत नाहीत.

मूळनलिका उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतील संघटनेने दातांच्या तड्यांचे पाच प्रकार मानले आहेत. पहिला, वर सांगितलेल्या निरुपद्रवी रेषांचा. दुसऱ्यात दाढेचा एखादा उंचवटा तडकतो किंवा तुटून पडतो. हा पुष्कळदा जुन्या भरलेल्या दाढेजवळ होतो आणि सहसा दात वाचतो. तिसऱ्यात तडा चावण्याच्या पृष्ठभागावरून मुळाच्या दिशेने उतरू लागतो, पण दात अजून एकसंध असतो. चौथ्यात तोच तडा शेवटपर्यंत जाऊन दाताचे दोन भाग वेगळे हलू लागतात. पाचव्यात तडा मुळातच उभा जातो. तो बहुतेक रूट कॅनाल झालेल्या दातांत आढळतो आणि फारशी वेदना न देता हिरडीवर वारंवार येणाऱ्या पुळीच्या रूपाने प्रकट होतो.

वरील कथेतील गृहिणीची दाढ खडा चावल्या दिवशी तिसऱ्या प्रकारात होती. इडलीच्या दिवशी ती चौथ्यात गेली. या दोन दिवसांमधील काळ हाच निदानाचा काळ होता.

घरी काय लक्षात घ्यावे?

तड्याच्या निदानात रुग्णाचे निरीक्षण हे यंत्राइतकेच, कधी त्याहून अधिक उपयोगी पडते. दंतवैद्याकडे जाण्यापूर्वी चार गोष्टी एका कागदावर टिपून ठेवाव्यात. कळ दाबताना येते की सोडताना? कोणत्या पदार्थाने येते: भाकरीसारख्या कडक, की पोळीसारख्या मऊ, की बारीक दाणा नेमका एका जागी आल्यावरच? गार पाण्याने येणारी कळ दोन-चार सेकंदांत विरते, की पाणी गिळल्यावरही रेंगाळते? आणि पहिल्यांदा केव्हा आली, त्या दिवशी दाताखाली काही कठीण आले होते का? बाजू बदलून चावण्याची सवय कधीपासून लागली, हेही सांगावे. कित्येकांना ती सवय लागल्याचे विचारल्यावरच उमगते.

यांतील तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. गारव्याची कळ चटकन थांबते तोवर दाताचा गाभा बहुधा सावरण्याजोगा असतो. ती मिनिटभर रेंगाळू लागली, गरम चहानेही ठणका सुरू झाला, रात्री झोपेतून जाग येऊ लागली, तर गाभ्याची सूज पुढच्या टप्प्यावर गेल्याची ती चिन्हे असतात.

उपवास करणाऱ्या कुटुंबांत आणखी एका फसगतीची शक्यता असते. उपवासाच्या दिवसांत चावणेच नसते, त्यामुळे कळही येत नाही. आठ दिवस दाढ शांत राहिली की ती बरी झाली असे वाटते. पारण्यानंतर नेहमीचे जेवण सुरू होते आणि कळ परतते. आयंबिलातील कोरडे खाखरे आणि भाजलेले चणे यांनी तीच दाढ अधिक दुखते. येथे तडा कमी-अधिक झालेला नसतो. केवळ दाढेला मिळालेला विश्राम कमी-अधिक झालेला असतो. म्हणून ‘थांबली’ आणि ‘बरी झाली’ यांतील अंतर ओळखावे.

दुखणारी जागा सापडावी म्हणून पेन्सिल, लवंग किंवा सुपारी त्या दाढेखाली धरून पुन्हा पुन्हा दाबून पाहणे मात्र टाळावे. त्या प्रयोगातच तडा पुढे सरकू शकतो. लवंगतेलाने तात्पुरते बधिरपण येते, तडा तसाच राहतो. वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची जुनी रीत तर घातकच आहे. तिने हिरडी भाजते.

दवाखान्यात शोध कसा घेतात?

साधा एक्स-रे तडा का दाखवत नाही, हे समजले तर पुष्कळ गैरसमज दूर होतील. दाढेतील तडा बहुधा पुढून मागे जातो. एक्स-रेचे किरण गालाकडून जिभेकडे जातात. चीर किरणांच्या आडवी पसरलेली असल्याने ती फिल्मवर रेषा म्हणून उमटत नाही. शिवाय ती अतिशय बारीक असते. त्रिमितीय स्कॅनमध्येही सुरुवातीचा तडा हुकू शकतो. त्यामुळे स्वच्छ एक्स-रे याचा अर्थ ‘कीड आणि मुळाशी मोठी सूज दिसत नाही’ इतकाच घ्यावा. ‘दाढ निर्दोष आहे’ असा नव्हे.

खरा शोध साध्या साधनांनी लागतो. दाढेच्या एकेका उंचवट्यावर प्लॅस्टिकचे छोटे साधन ठेवून रुग्णाला हळूच चावायला आणि मग चटकन सोडायला सांगतात. सगळ्या दाढेवर चावून जे कळत नाही, ते एकाच उंचवट्यावर दाब दिल्याने कळते. शेजारच्या आणि दुसऱ्या बाजूच्या निरोगी दाढेवरही तीच चाचणी करून तुलना करतात. नंतर गारव्याची चाचणी होते. त्याने गाभा जिवंत आहे का आणि किती चिडलेला आहे, याचा अंदाज येतो.

दाताच्या बाजूने तीव्र प्रकाश सोडला तर निरोगी दात एकसारखा उजळतो. खोल तडा असेल तर प्रकाश तेथे अडतो आणि पलीकडचा भाग काळवंडलेला दिसतो. निळा रंग लावून पुसला, तर तो चिरेत साचून रेषा स्पष्ट होते. भिंगातून किंवा सूक्ष्मदर्शकातून ती पाहता येते. बारीक खुणांच्या सळईने दाताभोवतीची हिरडी मोजतात. सगळीकडे माप सामान्य आणि एकाच अरुंद जागी सळई खोल उतरली, तर तडा मुळापर्यंत पोहोचल्याची शंका येते आणि ती चांगली बातमी नसते. काही वेळा जुने भरलेले साहित्य काढून पाहावे लागते, कारण तडा त्याच्या तळाशी दडलेला असतो. ‘चांगली चांदी उगाच काढली’ असे त्यावेळी रुग्णाला वाटते; वास्तविक तो तपासाचाच भाग असतो.

प्रत्येक सणक तड्याचीच असेही नाही. हिरडी मागे सरकून मूळ उघडे पडले, नवी भरलेली दाढ किंचित उंच राहिली, कीड आत शिरली, तरी दुखते. सर्दीत सायनस भरला की वरच्या दाढा दुखतात. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या विकारातही विजेच्या झटक्यासारखी कळ येते. परंतु ती चेहऱ्याला नुसता स्पर्श झाल्याने किंवा वाऱ्याच्या झुळकीनेही येऊ शकते. हे सारे वगळत वगळत वैद्य निदानापर्यंत पोहोचतो. त्यासाठी एखादी भेट अधिक लागली, तर तो वेळ वाया गेला असे समजू नये.

उपचार किती खोलवर?

उपचार तड्याच्या खोलीवर ठरतो. केवळ एक उंचवटा तडकला असेल तर तो भाग काढून नवे साहित्य बसवतात किंवा उंचवटे झाकणारे आच्छादन देतात. तडा खाली उतरू लागला असेल, पण गाभा सुस्थितीत असेल, तर दाढेला कड्यासारखी पट्टी किंवा तात्पुरती कॅप घालून काही आठवडे पाहतात. पिंपाच्या फळ्या लोखंडी पट्ट्याने आवळाव्यात, तसे हे आवळणे असते. कळ थांबली, की कायमची कॅप बसते. गाभा सावरण्यापलीकडे गेला असेल तर आधी रूट कॅनाल करावे लागते. तडा दाढेच्या तळातून आरपार गेला किंवा दाताचे दोन भाग वेगळे झाले, तर दात काढणे हाच बहुधा मार्ग उरतो.

कॅप बसवल्यावरही एखाद्या दाढेला पुढे रूट कॅनाल लागू शकते, हे आधीच समजून घ्यावे. डोळ्यांना न दिसणारा तडा किती खोल गेला आहे, याची हमी कोणताही प्रामाणिक वैद्य देणार नाही. मात्र एवढे निश्चित की जितक्या लवकर दाढ आवळली जाईल तितकी ती टिकण्याची शक्यता अधिक.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी उपचाराची वेळ शक्यतो सकाळची घ्यावी. बधिर करण्याच्या इंजेक्शनचा परिणाम काही तास राहतो आणि त्या अवस्थेत जेवल्यास गाल किंवा जीभ चावली जाते. औषधे दिवसाउजेडीच घ्यायची असतील, तर तसे वैद्याला आरंभीच सांगावे. औषधाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. आणि चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास त्रास, यांपैकी काही दिसले तर सण, व्रत किंवा रविवार न पाहता त्याच दिवशी उपचार घ्यावेत.

जपणूक

सुपारी सोडावी, ही या लेखातील पहिली आणि शेवटची सूचना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. दाढेचा तडा हे त्यामानाने तिचे लहान पाप. मुखवासात बडीशेप, ओवा पुरेसा आहे. तांदूळ-डाळी निवडण्याची जुनी शिस्त दातांच्याही हिताची आहे. झोपेत दात खाणाऱ्यांनी दंतवैद्याकडून रात्री घालण्याचे आवरण बनवून घ्यावे. रूट कॅनाल झालेल्या दाढेला सांगितलेल्या मुदतीत कॅप बसवावी. मोठी, जुनी चांदी भरलेल्या दाढा वर्षातून एकदा दाखवून घ्याव्यात.

आणि घरातील कोणी जेवताना मध्येच थबकले, गालावर हात ठेवून क्षणभर थांबले आणि ‘काही नाही’ म्हणून पुन्हा जेवू लागले, तर ते ‘काही नाही’ तसेच सोडून देऊ नये. घरच्यांनी फक्त विचारावे: दाबताना दुखले, की सोडताना? उत्तर ‘सोडताना’ असे आले, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याची वेळ घ्यावी. इडलीच्या दिवसाची वाट पाहू नये.